न चाखलेल्या पेरूची वडी

विटेवर उभ्या असलेल्या सावळ्या परब्रह्मा, तुला पहिला नमस्कार. प्रवरेच्या काठी कोल्हारची राखण करणाऱ्या आई भगवती, तुझ्या चरणी दुसरा. आणि काशीत हाती पळी घेऊन प्रत्यक्ष विश्वनाथाला भिक्षा वाढणाऱ्या माते अन्नपूर्णे, तुला तर साष्टांग. कारण आजची कथा स्वयंपाकघरातली आहे, आणि त्या घरात तुझ्या आज्ञेवाचून पाण्यालासुद्धा उकळी फुटत नाही. ज्याने भूक दिली त्यानेच घास दिला, ज्याने घास दिला त्यानेच तो भरवणारा हात दिला, आणि एवढे सगळे देऊन झाल्यावर जरा गंमत पाहावी म्हणून त्याच लीलाधराने माणसाला जीभ दिली! तिची गोष्ट नीट सांगता यावी, एवढीच बुद्धी दे.

कोल्हारच्या शिवारात, गावापासून थोडे बाजूला, पेरूच्या बागेत एक घर आहे. त्या घराच्या धनीण मनकर्णाबाई. ठेंगणी मूर्ती, कपाळावर रुपयाएवढे कुंकू, गळ्यात तुळशीची माळ, बोलणे घाईचे आणि हात त्याहून घाईचे. एका हाताने कणीक मळत दुसऱ्या हाताने मांजर हाकलावे आणि त्याच वेळी ओसरीवरच्या नवऱ्याला उत्तरही द्यावे, असा त्यांचा संसार. नवरे गोरक्षनाना, उंच, सडपातळ, मिशीतल्या मिशीत हसणारे, आणि खाण्यावर निस्सीम भक्ती असलेले. पांडुरंगावर त्यांची श्रद्धा आहेच. पण नैवेद्याच्या ताटावर थोडी अधिक आहे, असे मनकर्णाबाई उघड म्हणत आणि नाना ते मान डोलावून मान्य करत.

आणि या दोघांच्या मधोमध होता पेरू. मनकर्णाबाई सून म्हणून या घरात आल्या त्या दिवशी अंगावरची हळद उतरायच्या आत त्या बागेत सापडल्या होत्या, शालूच्या ओच्यात पेरू भरून. पेरू पिकला हे झाडाला कळण्याआधी त्यांना कळे. करकरीत आवडे, अर्धपिका आवडे, मिठाशी आवडे, पाडाला लागून पोपटाने चोच मारलेला तर फारच आवडे. अशी ती प्रीती!

पुढे गावच्या मंडळींबरोबर नवरा-बायको काशीला गेले. काशीला गेले की आपली आवडती वस्तू गंगेला वाहून सोडायची, ही तर वडिलांपासून चालत आलेली रीत. घाटावर बसलेले उपाध्याय मराठी जाणणारे होते. त्यांनी नानांच्या हातावर पाणी सोडले आणि बजावले, "यजमान, आवडतं तेच सोडायचं बरं का."

नाना डोळे मिटून, कंठ दाटून म्हणाले, "कारलं सोडलं म्हाराज."

"आवडतं का तुम्हाला कारलं?"

"लई जीव त्याच्यावर! पर देवापायी सोडावं लागतंय."

लग्न झाल्यापासून ज्या माणसाने कारल्याच्या भाजीकडे तिरप्या डोळ्यानेही पाहिले नव्हते, त्याचा हा त्याग ऐकून मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले की गंगेतही गरम वाटावे. मग पाणी त्यांच्या हातावर आले. त्यांनी डोळे मिटले. आवडते म्हणून काय दिसले? सोने दिसले नाही, पैठणी दिसली नाही, सकाळचा चहासुद्धा दिसला नाही. दिसला पेरू. आणि तोंडातून तोच शब्द निघाला.

नाना दचकले. "अगं, वांगं म्हन, चहा म्हन! बाग हाय आपली पेरूची!"

"आवडतं तेच मागितलंय त्यांनी, अहो. नको असलेलं गंगंच्या पदरात कशाला घालू?"

झाले! त्या दिवसापासून हंगामात अंगणात पेरूच्या राशी पडाव्यात, सुगंधाने पडवी भरून जावी, मनकर्णाबाईंनी हाताने एकेक फळ निवडून क्रेटमध्ये लावावे; पण जिभेवर एक फोड नाही. फळ हातात घेतले की त्या हुंगत, हसत आणि ठेवून देत. जवळच्या माणसाकडेही कधी कधी इतक्या प्रेमाने कोणी पाहत नाही.

आता या घरात सून आली संस्कृती. माहेर श्रीगोंद्याकडचे काष्टी. लग्नापूर्वी पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. मुलगा हर्षल कोपरगावकडच्या साखर कारखान्यात प्रयोगशाळेत, त्यामुळे गाळप सुरू झाले की त्याचे घरी येणे म्हणजे पाहुण्यासारखे. पोरगी मोकळी, बोलकी. सासूला आई म्हणणारी आणि सासऱ्यांशी पत्ते खेळताना त्यांची लबाडी पकडणारी. यंदा मार्गशीर्षात तिला दिवस गेल्याचे कळले तेव्हा मनकर्णाबाईंनी भगवतीची ओटी भरली, आणि नानांनी आनंदाच्या भरात साखरेचा आजार विसरून दोन पेढे खाल्ले. एक पकडला गेला, एक पचला.

पण आनंदाला लगेच आडकाठी आली. पोरीच्या पोटात अन्न ठरेना. फोडणीचा चर्र आवाज झाला की संस्कृती अंगणात. भाकरीचा वास आला की अंगणात. मऊ भात, मुगाचे कढण, राजगिऱ्याची लापशी, ताक, सगळ्यांनी आपापले नशीब आजमावले आणि सगळे हरले. गाल बसले, डोळे मोठे दिसू लागले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वजन पाहून भुवया चढवल्या. "पुढच्या सोमवारी परत या. वजन असंच उतरत राहिलं तर भरती करून सलाईन लावावं लागेल. थोडं थोडं, पण पोटात ठरेल असं काहीतरी द्या. ओट्स देऊन पाहा."

ओट्सचा पुडा आला. मनकर्णाबाईंनी पेज केली. संस्कृतीने वाटीकडे पाहिले आणि तोंड फिरवले. नानांनी ती वाटी वाया जाऊ नये म्हणून तोंडाला लावली आणि गंभीरपणे निकाल दिला, "हे घोड्याच्या तोबऱ्यातलं हाय. घोडं बी पाठ फिरवून उभं ऱ्हाईल."

संस्कृतीला कित्येक दिवसांनी हसू आले. हसता हसता ती पडवीतल्या दिवाणावर टेकली आणि अंगणातल्या पेरूच्या राशीकडे पाहत म्हणाली, "आई, या पेरूच्या वासाने मात्र मला काही होत नाही. उलट बरं वाटतं. पुण्यात आमच्या ऑफिसच्या खाली एक बेकरी होती. तिथं ओट्सचे बार मिळायचे. वर-खाली खुसखुशीत ओट्स आणि मध्ये फळाचा गर. तसं काहीतरी खावंसं वाटतंय."

"बार?" नाना गळ्यातली माळ चाचपत म्हणाले. "माळकऱ्याच्या घरात?"

"नाना, वडीसारखं असतं ते!"

"मग वडी म्हन की पोरी. उगाच म्हातारपनी बालंट."

मनकर्णाबाईंना पुढचे काही ऐकूच आले नाही. खावंसं वाटतंय, एवढेच त्यांच्या कानात घंटेसारखे वाजत राहिले. ज्या पोरीला दाणा नकोसा झाला होता तिने आपण होऊन काही मागितले होते! भगवंताने भक्ताकडे ताक मागितले तर भक्ताने म्हशीची वेळ पाहावी का? त्या पदर खोचून उठल्या.

लग्नाच्या आहेरात मामाने दिलेला विजेचा ओव्हन खोक्यासकट कपाटावर बसला होता. त्यावर विणलेले झाकण होते आणि झाकणावर प्लास्टिकची फुले. हर्षलने एका सकाळी तो उतरवला, स्वयंपाकघरातला वास संस्कृतीला सोसत नाही म्हणून पडवीतच मांडला, बटणे समजावली आणि कारखान्याला निघून गेला. मनकर्णाबाईंनी ओव्हनला हळदकुंकू लावले, नारळ फोडला, काचेच्या दारावर बोटभर स्वस्तिक काढले. मोबाईलवर एक बाई भराभरा हिंदीत कृती सांगत होती. तिने लोणी म्हटले की मनकर्णाबाई तूप समजत, साखर म्हटले की गूळ, आणि तिने कुठल्याशा परदेशी फळाचे नाव घेतले की त्या अंगणाकडे पाहून म्हणत, "म्हंजी पेरू."

कृती त्यांनी अशी बसवली. ओट्स कोरडेच खरपूस भाजायचे. अर्धे मिक्सरमधून भरड काढायचे, अर्धे तसेच ठेवायचे. त्यात थोडी कणीक, चिमूट मीठ, किसलेला गूळ आणि पातळ तूप घालून हाताने चोळायचे, मुठीत दाबले की मुटका व्हावा आणि सोडले की भुगा व्हावा इतपत. त्यातले अर्धे ताटलीत थापायचे, वर पेरूचा शिजवून आटवलेला गर पसरायचा, उरलेला भुगा त्यावर पेरायचा आणि ओव्हनमध्ये लावायचे. भाजायचे कौशल्य त्यांना नवे नव्हतेच. गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजून ज्यांचे केस पांढरे झाले त्यांना काचेच्या आड दिसणारा विस्तव म्हणजे सोयच. त्या ओव्हनपुढे मांडी घालून अशा बसत की येणाऱ्याला वाटावे, आत काकडआरती चालू आहे.

पण गर चाखायचा कोणी? गोडी, आंबटपणा, दाटपणा जिभेवाचून कसे कळणार? आणि मनकर्णाबाईंची जीभ तर गंगेला दिलेली! त्यांनी आधी देवाच्या नैवेद्याची वाटी वेगळी काढली आणि मग हाक दिली, "अहो, इकडं या. जरा गर चाखून सांगा."

नाना अंगणाच्या टोकाला होते. पण हाक संपायच्या आत ते चमचा धरून उभे. एक चमचा घेतला, डोळे मिटले. दुसरा घेतला, मान डोलावली. "एक नंबर! याच्यात आता काय बी करू नको. देवाला बी दुसरं ताट मागावंसं वाटंल."

वड्या झाल्या. नैवेद्य दाखवला. मनकर्णाबाईंनी बशीत एक वडी ठेवून संस्कृतीच्या हाती दिली आणि तिच्या तोंडाकडे पाहत उभ्या राहिल्या. पोरीने घास घेतला. करकर, करकर, असा आवाज झाला. तिचे डोळे विस्फारले, आणि ती अंगणात.

मनकर्णाबाईंनी वडी मोडून पाहिली. गरात बिया! पेरूच्या सगळ्या बिया, दगडासारख्या, जशाच्या तशा. त्या नवऱ्याकडे वळल्या. "बिया लागल्या न्हाईत तुमाला?"

"कशाला लागतील?" नाना निरागसपणे म्हणाले. "कवळी डब्यात हुती."

"दात काढून चाखलं तुमी?"

"मऊ वस्तूला दात कशाला झिजवायचे?"

श्रोतेहो, त्या दिवशी बागेतले पोपटसुद्धा थोडे लांबच्या झाडावर जाऊन बसले म्हणतात.

दुसऱ्या खेपेला मनकर्णाबाईंनी गर पुरणयंत्रातून काढला. बी औषधालाही राहिली नाही. नानांना हुकूम झाला की कवळी लावूनच चमचा धरायचा. पण माणसाचे मन कसे असते पाहा! साखरेच्या आजारापायी घरातला गूळ ज्या माणसाच्या नजरेआड ठेवला जात होता, त्याच माणसाला आता कर्तव्य म्हणून गोड गर चाखायचा होता. ही संधी नानांनी कशी सोडावी?

"गूळ कमी हाय," ते पहिल्या चमच्याला म्हणाले.

मनकर्णाबाईंनी गूळ घातला.

"आता बघू. हां, आलंय जवळ. पर अजून जरा."

पुन्हा गूळ पडला. पुन्हा चमचा.

"एवढ्यात लगीच सांगता न्हाई यायचं. गार झाल्यावर परत एकदा बघावं लागंल."

भोळी ती माउली! सुनेच्या काळजीने तिचे अर्धे लक्ष दिवाणाकडे. नवऱ्याची लबाडी ध्यानात यायला उशीर झाला. वड्या निघाल्या तेव्हा शेजारच्या बनुबाई ताक मागायला आल्या होत्या. बनुबाई म्हणजे तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. मनकर्णाबाईंची जुनी मैत्रीण. त्यांनी एक वडी उचलली, तोंडात टाकली आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. "मनकर्णे, ही वडी हाय का गुऱ्हाळ? मुंग्या बी पाणी मागतील!"

नाना हळूच उठले आणि गुरांना पाणी दाखवायला निघून गेले. पाणी सकाळीच दाखवून झाले होते.

तरीही संस्कृतीने सासूच्या मायेखातर एक तुकडा जिभेवर ठेवला. ठेवला आणि ती धावली. परत आली ती पायरीवरच बसून राहिली. हुंदका आवरत म्हणाली, "आई, तुम्ही एवढं करता, आणि माझ्या पोटात राहत नाही. काय दोष असेल हो माझा?"

"खुळी का काय! दोष कसला त्याच्यात?" मनकर्णाबाईंनी तिचे तोंड पदराने पुसले. पण आत गेल्यावर त्यांचे स्वतःचेच डोळे पुसायचे राहून गेले. त्या दिवशी रविवार होता. उद्या सोमवार. दवाखान्याची पिशवी भरून खुंटीला लावली होती. त्यात सुनेचे गाऊन, शाल, भरती व्हावे लागले तर लागेल ते सगळे. त्या पिशवीला पाठ करून त्या कढई घासायला बसल्या.

बनुबाई मागोमाग आत आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगं, त्या म्हाताऱ्याच्या जिभेवर कुटं विसंबतीस? पेरू तुज्याएवढा कुनाला कळतोय या गावात? एक बोट चाट. कोल्हारातलं बोट काशीतल्या गंगंला कुटं दिसतंय?"

"गंगा बघती म्हनून न्हाई चाटत व्हय गं मी?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "सोडलं म्हंजी सोडलं."

"मग सुनंला सलाईन लागू दे."

बोलून गेल्यावर बनुबाईंना स्वतःलाच चटका बसला. त्या ताक न घेताच घरी गेल्या. पण शब्द मागे राहिला. मनकर्णाबाईंनी तिसऱ्यांदा पेरू चिरले, शिजवले, यंत्रातून काढले. नानांना हाक मारली नाही. नानाही कुठे दिसले नाहीत. गर कढईत रटरटत होता, आणि त्या देव्हाऱ्यापुढे उभ्या होत्या.

देवाशी त्या नेहमी मोठ्याने बोलत. शेजाऱ्यालाही ऐकू जावे एवढ्या मोठ्याने. त्या दिवशी मात्र त्या फक्त देवालाच ऐकू जाईल एवढे हळू बोलल्या. "पांडुरंगा, पेरू तुला दिला तवा मनापासून दिला. मागं घ्यायचा न्हाई असंच ठरिवलं हुतं. पर ही पोर दुसऱ्याच्या घरची, आपल्या भरवशावर आलीय. तिच्या पोटात तुजंच लेकरू हाय. माजा नेम मोठा का तिचा घास? आज मी चाखनार. तुजं काय व्हायचं ते माज्या माथ्यावर घाल, पोरीच्या न्हाई."

असे म्हणून त्यांनी कढई उतरवून पडवीत आणली, ओव्हनजवळ ठेवली. चमचा बुडवला. गर गुलाबी होता, दाट होता, आणि त्याच्या वाफेत सगळी बाग उतरली होती. ज्या चवीला त्या काशीच्या घाटावर निरोप देऊन आल्या होत्या ती चव ओठांपाशी येऊन उभी राहिली. चमचा वर गेला.

"आई! थांबा!"

दिवाणावर डोळे मिटून पडलेली संस्कृती उठून बसली होती. काशीची ती हकिकत तिला नानांनी पत्ते खेळताना रंगवून रंगवून सांगितली होती, कारल्यासकट. ती अनवाणी धावत आली आणि सासूचे मनगट धरले. "काय करताय तुम्ही? तुम्ही पेरू सोडलाय ना!"

"सोड गं हात. चाखल्याबिगर न्हाई जमायचं आता. त्यांचा भरवसा न्हाई."

"मग मी चाखते."

"तू? तुला तर वासानं..."

"पेरूच्या वासाने नाही होत मला काही. द्या इकडे."

आणि सूनबाईने चमचा हिसकावून घेतला. देवाला सांगून आलेले पाप हातातून निसटून सुनेच्या तोंडी चालले होते! संस्कृतीने चमच्याच्या टोकाला जीभ लावली. थांबली. भुवई वर केली. मनकर्णाबाई श्वास धरून अंगणाकडची वाट मोकळी करून उभ्या राहिल्या, पोरीला धावायला अडचण नको म्हणून. पोरगी धावली नाही.

"मिळमिळीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"गोड आहे, पण मिळमिळीत. नाना काय चाखत होते इतके दिवस? याला आंबट पाहिजे. माझ्या बाबांनी पाठवलेली लिंबं आहेत का? आणि काळं मीठ?"

काष्टीची लिंबे होती; पातळ सालीची, रसाने टम्म भरलेली. मनकर्णाबाईंनी एक पिळले. संस्कृतीने पुन्हा चाखले. "अजून अर्धं." पुन्हा चाखले. "आता काळं मीठ. एवढं नाही हो आई, चिमटीतलं अर्धं. हां. आणि तिखटाचं एक बोट लावू या, गाडीवर लावतात तसं." पुन्हा चाखले. मग तिने चमचा बाजूला ठेवला आणि बोटानेच कढईची कड पुसून घेतली.

मनकर्णाबाई मुकाट्याने सांगितलेले करत होत्या. एरवी त्यांच्या स्वयंपाकात कोणी तोंड घातले तर त्या पळी घेऊन मागे लागत. आज कोणी रागवावे आणि आपण ऐकावे, असे त्यांना झाले होते. त्यांचे लक्ष मिठाकडे नव्हते, लिंबाकडे नव्हते. त्यांचे लक्ष पोरीच्या गळ्याकडे होते. घोट खाली उतरत होता. आणि वर येत नव्हता.

भुगा थापला, गर पसरला, वर भुगा पेरला. ताटली आत गेली. दोघी ओव्हनपुढे मांडी घालून बसल्या. मध्येच वीज गेली तेव्हा दोघींनी एकदमच "अगं बाई!" म्हटले आणि थोड्या वेळाने परत आली तेव्हा एकदमच हात जोडले. भाजलेल्या ओट्सचा, तुपाचा, गुळाचा खरपूस वास पडवीभर पसरला. त्या वासाच्या मागोमाग गोरक्षनानाही गोठ्यातून प्रगट झाले.

"कापा की," ते म्हणाले.

"गार झाल्याबिगर कापायची न्हाई. भुगा हुतो."

"भुगा झाला तर मी खातो. वाया जाऊ देनार न्हाई, शब्द हाय माजा."

अखेर वड्या कापल्या. पहिली देवाला; शबरीची उष्टी बोरे गोड मानणाऱ्याला चाखलेल्या गराचे काय! मनकर्णाबाई देव्हाऱ्यापुढे ती ठेवून वळतात न वळतात तोच मागे खुसखुस असा आवाज आला. संस्कृती ताटलीतूनच खात होती. बशी नाही, बोलावणे नाही. एक वडी संपली. तिने दुसरी उचलली. अर्धी झाल्यावर तिच्या ध्यानात आले की सासू-सासरे दोघेही श्वास रोखून आपल्याकडे पाहत आहेत.

"असं बघू नका ना!" ती लाजली. "भूक लागलीय मला."

भूक! त्या एका शब्दासाठी त्या घराने किती देव पाण्यात ठेवले होते! मनकर्णाबाई खाली बसल्या, आणि हसत आहेत की रडत आहेत ते त्यांचे त्यांनाही कळेना. नानांनी तेवढ्यात हळूच हात पुढे केला. सुनेने ताटली बाजूला ओढली.

"नाना, तुमची चाखायची नोकरी गेली."

"आरं देवा! पेन्शन तरी?"

"अर्धी वडी. आणि कवळी लावून."

सोमवारी सगळे दवाखान्यात गेले. भरलेली पिशवी बरोबर होती. संस्कृती वजनाच्या काट्यावर चढली तेव्हा नानांनी मिशी चावली आणि मनकर्णाबाईंनी डोळे मिटून भगवतीला हाक घातली. डॉक्टरीणबाईंनी पाहिले, पुन्हा पाहिले. "उतरलं नाही. थोडं वरच आहे. पोटात ठरतंय का आता?"

"कालपासून ठरतंय," संस्कृती म्हणाली आणि पर्समधून डबा काढला.

"मग भरती कशाला? जा घरी." डॉक्टरीणबाईंनी एक वडी तोंडात टाकली आणि लिहिता लिहिता थांबल्या. "कोणी केली ही? आत काय आहे?"

"पेरू," मनकर्णाबाई संकोचून म्हणाल्या.

"सुरेख! तुमच्या हाताला चव आहे हो आजी."

"माज्या हाताला काय न्हाई, ताई. ही पोर सांगती, मी ढवळती. मला सवताला म्हाईत बी न्हाई कशी झालीय."

डॉक्टरीणबाईंना काही उमगले नाही. नानांनी घसा खाकरून काशीची हकिकत सुरू केली. ती कारल्यापर्यंत पोहोचायच्या आत मनकर्णाबाईंनी त्यांना बाहीला धरून बाहेर काढले.

परतीच्या वाटेवर संस्कृती सासूच्या खांद्यावर डोके टेकून म्हणाली, "आई, एक विचारू? कधी वाटत नाही का हो, एकदा तरी चाखावं?"

"वाटतं की. रोज वाटतं." मनकर्णाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "काल तर घेतलाच हुता तोंडापाशी. तू आडवी आलीस."

"राग आला?"

"लई आला." आणि त्यांनी पोरीच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटे मोडली. "घरी गेल्यावर सांग, आज लिंबू किती पिळायचं ते. आन् बनीला बी बोलवू. काल बिनताकाची गेली बिचारी."

हे अन्नपूर्णे, या मनकर्णेच्या हाताला कधी उणे पडू देऊ नकोस. तिच्या जिभेने जे सोडले ते तिच्या घरातल्या प्रत्येक ताटात दुणावून येवो. तिच्या सुनेची कूस सुखाने उजवो. येणारे लेकरू भुकेच्या वेळी खणखणीत रडो आणि पोट भरल्यावर खळखळून हसो. हर्षलला गाळपाच्या गडबडीतून घरच्या घासाला सवड मिळो. गोरक्षनानांचे दात तोंडातच राहोत आणि साखर आवाक्यात राहो. त्या दाराशी आलेली कोणी बनुबाई, कोणी वाटसरू, कोणी अनोळखी भुकेला विन्मुख न जावो. त्या बागेवर ऊन मायेने पडो, वारा हळू वाहो, आणि त्या घराच्या उंबऱ्यावर, आई भगवती, तुझी दृष्ट काढणारी नजर अखंड राहो.